एका नाल्यावर दोन आश्वासनं

पुलाखालची वस्ती, सोलापूर
९ फेब्रुवारी

चि. वैजयंती,

मामाचा आशीर्वाद. एकाच गावात ऱ्हाऊन कागद लिवतोय, ह्याचं तुला हसू येईल. पण कामाचं बोलणं फोनवर करायचं न्हाय, असं तूच सांगितलंस. कुणा नगरसेवकाचं बोलणं रेकॉर्ड होऊन गावभर फिरलं, तवापासनं तुमच्या पक्षात फोनवर नुसतं 'बघू' म्हणत्यात. म्हणून परवा शुक्रवार पेठेत तुझ्या घरी आलो. जिन्यात माणसं बसल्याली, मीबी बसलो. आतनं एक बाई वही घेऊन आली. नाव विचारलं, सांगितलं. काम काय म्हणली, तर म्हटलं, 'मी तिचा मामा हाय.' तिनं कामाच्या जागी 'मामा' लिवलं आन् म्हणली, 'ताई मीटिंगला गेल्यात, उद्या या.' ऐन कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डातली तोलाई टाकून आल्तो मी. उद्या कसा येणार?

काम आसं हाय. सोमवारी पालिकेची माणसं आली आन् नाल्याकडंच्या समद्या घरांवर लाल रंगानं फुल्या मारून गेली. माझ्या, नईमच्या, म्हाळसाबाईच्या. विचारलं तर 'मोजणी हाय' म्हणाले. म्हाळसाबाईनं पाणी मारून फुली पुसायला घेतली, ती आनखीनच पसरली.

तू ह्याच घरात ऱ्हाऊन कॉलेज केलंस. दुधनीहनं आलीस तवा तुझी ट्रंक मी डोक्यावर आणली. आन् जानेवारीत मतं मागायला आलीस तवा ह्याच उंबऱ्यावर उभी ऱ्हाऊन बोललीस, 'इथली एक वीट हलू देणार नाही. पट्टे नावावर करून देते.' तुमचे शहराध्यक्ष गुरुअण्णा बाजूला मान हलवत हुते. मी तुला दारोदार फिरवलं. नईमची बायको शाइस्ता म्हणली, 'हर बार आते, बोलते, जाते.' मी तिला म्हटलं, ही आमच्या घरातली हाय, ही जायाची न्हाय.

तर पट्ट्यांचं कुटवर आलंय ते कळव. चिठ्ठी नईमच्या रिक्षातनं धाडतोय. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझा,
हिंदुराव मामा

*

शुक्रवार पेठ, सोलापूर
१६ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. नईमभाईंनी चिठ्ठी पोचवली. जिन्यातल्या प्रकाराचं वाईट वाटलं. माझ्या मदतनीस नव्या आहेत, त्यांना समज दिली आहे.

भिंतींवरच्या खुणा ही नेहमीची पाहणी आहे. पावसाळ्याआधी नाल्याच्या दोन्ही बाजू मोजतात, त्यातून काही होईलच असं नाही. पट्ट्यांचा विषय विचाराधीन आहे. मला नुकतंच बांधकाम समितीचं सभापतिपद मिळालंय, त्यामुळे सगळी कागदपत्रं समजून घ्यायला थोडा अवधी लागेल. तोवर वस्तीत गैरसमज पसरू नयेत याची काळजी तुम्हीच घ्या. तुमचा शब्द लोक मानतात.

मामींचा खोकला कसा आहे? त्यांना एकदा दवाखान्यात दाखवा, मी डॉक्टरांशी बोलून ठेवते.

हे पत्र कुणाला दाखवू नका.

वैजयंती

*

पुलाखालची वस्ती
३ मार्च

वैजयंती,

तुझं पत्र वाचलं. पट्ट्याचं विचारलं तर खोकल्याचं उत्तर आलं.

आता माझं ऐक. काल यार्डातल्या एका अडत्यानं त्याच्या घरी कांद्याची पिशवी पोचवायला सांगितली. घर स्नेहदीप नगरात. नाल्याच्या वरच्या अंगाला ती बंगल्यांची कॉलनी हाय बघ, ती. फाटकावर मोठा फलक. तुझा हात जोडलेला फोटो, बाजूला गुरुअण्णा. खाली लिवलंय, 'नाला अतिक्रमणमुक्त करण्याचा शब्द दिल्याबद्दल रहिवाशांतर्फे आभार.'

मी फलकाखाली उभाच ऱ्हाईलो. अडत्याची बायको दारात आली. मी विचारलं, 'ह्या बाई हितं आल्त्या का?' म्हणली, 'आल्या होत्या की. गेल्या सप्टेंबरात नाल्याचं पाणी मागं फिरलं आन् तळमजल्यावर शेजारणीच्या सासूबाई अंथरुणातच गेल्या. वैजयंतीताई त्यांच्या फोटोपुढं उभ्या राहिल्या, रडल्या. म्हणाल्या, पुलाखालची घरं हटवून नाला मोकळा केल्याशिवाय गप्प बसणार नाही.' तारीख विचारली. ज्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर आल्तीस त्याच दिवशीची.

सकाळी आमच्याकडं, संध्याकाळी तिकडं. आमच्याकडं तुझ्या मामीनं, सारजानं, तुला उपीट केलं हुतं, तू दोनदा मागून घेतलंस. मग तिकडं जाऊन रडलीस. रडणं खरं हुतं का उपीट खाणं खरं हुतं, तेवढं एका ओळीत कळव. खोकल्याचं इचारू नको.

हिंदुराव

*

शुक्रवार पेठ
११ मार्च

मामा,

दोन्ही खरं होतं. त्या बाईंच्या फोटोपुढे मला रडू आलं, ते नाटक नव्हतं. आणि तुमच्या दारात मी जे बोलले तेही त्या क्षणी मनापासूनच बोलले. दोन्ही आश्वासनं आमच्या जाहीरनाम्यात आहेत. पट्टे एका पानावर, नाला दुसऱ्या पानावर. ती दोन पानं शेजारी ठेवून वाचायची नाहीत, हे पक्षात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मत मागताना माणूस एका वेळी एकाच दारात उभा असतो. आता माझ्या टेबलावर नाल्याचा सबंध नकाशा पसरलेला असतो आणि त्यात दोन्ही दारं एकदम दिसतात.

तुम्ही सरळ विचारलंत, आता सरळ ऐका. वस्तीजवळ नाला निम्म्याहून अरुंद झालाय. गेल्या वर्षीचा पाऊस पुन्हा आला तर आधी वस्ती बुडेल, मग पाणी मागे फिरून कॉलनीत शिरेल. मागच्या खेपेला मामी पत्र्यावर चढल्या म्हणून वाचल्या. पट्टे देणं म्हणजे तुम्हाला तिथेच बुडायचा कागद देणं. मी तो देणार नाही.

आणि मला सुनावण्याआधी एक आठवा. पूर ओसरल्यावर तुम्हीच मागची खोली नाल्याच्या भिंतीपर्यंत पुढे काढलीत. प्रचारात मी ती पाहिली आणि गप्प बसले, कारण मला मतं हवी होती. तुम्हीही तिचा विषय काढला नाहीत, कारण तुम्हाला पट्टा हवा होता. तेव्हा सगळा खोटेपणा माझ्या पदरात टाकू नका.

गुरुअण्णा म्हणतात, एवढ्यात हात लावू नकोस. शेजारच्या प्रभागात पोटनिवडणूक व्हायची आहे, वस्तीचा पलीकडचा काठ त्यात येतो आणि पालिकेत आपलं बहुमत काठावर आहे. 'सत्ताच गेली तर नाला तू कशानं मोकळा करणार, नखांनी? एक पावसाळा काढ,' असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, हे मला रोज वाटतं. पण एक पावसाळा काढ म्हणजे काय, ते मामींना विचारा.

मी थांबणार नाही. महिनाअखेरीस ठराव मांडते आहे. वस्तीला शहराच्या कडेला, हद्दवाढ भागातल्या पक्क्या इमारतींत घरं मिळतील. मे संपायच्या आत जागा रिकामी व्हायला हवी.

वैजयंती

*

पुलाखालची वस्ती
२ एप्रिल

मा. सभापती, बांधकाम समिती यांस,

ठराव मंजूर झाल्याचं पेपरात वाचलं. समितीत मतं सारखी पडली आन् तुमच्या एका जादा मतानं आमची घरं गेली, असंबी वाचलं.

गुरुअण्णांचं मंगल कार्यालय नाल्यात केवढं आत आलंय ते समद्या गावाला ठावं हाय. त्याच्या भिंतीवर फुली न्हाय. मी सोता जाऊन बघून आलो. पाण्याला गरिबाचं घरच आडवं येतं, लगीनघर येत न्हाय, हे तुमच्या नकाशात कुठल्या रंगानं दाखवत्यात?

माझी खोली म्या पुढं काढली, व्हय. सारजाला पत्र्यावर चढायला नीट जिना पायजे हुता, म्हणून काढली. तुमाला इचारायचं ऱ्हाईलं.

आमी जागा सोडणार न्हाय. घरं पाडायचं यंत्र आणा. मी दारात बसल्याला असंन.

ह्यापुढं नईम तुमच्या चिठ्ठ्या नेणार-आणणार न्हाय. पोस्टानं धाडा. धाडल्या न्हाईत तरी चालंल.

हिंदुराव, वस्ती बचाव समिती

*

शुक्रवार पेठ
२९ मे

मामा,

तुमच्या खांद्याला लागल्याचं कळलं. हाड मोडलेलं नाही असं डॉक्टर म्हणाले, ते खरं असो. दवाखान्यात यायला निघाले होते, पण मामींचा निरोप आला की तुम्ही मला पाहिलंत तर सलाइन काढून उठाल. म्हणून आले नाही.

घरं पाडली त्या दिवशी मी तिथेच होते, हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगते. पुलाच्या टोकाला गाडीत बसले होते. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलात, दोन पोलिसांनी खुर्चीसकट उचललं, खुर्चीचा पाय सुटला आणि तुम्ही पडलात, हे सगळं मी काचेतून पाहिलं. उतरायला दाराला हात घातला. शेजारी बसलेले अधिकारी म्हणाले, 'ताई, तुम्ही उतरलात तर दगडफेक होईल आणि मग लाठी चालवावी लागेल.' मी बसून राहिले. त्यांनी सांगितलं ते खरं होतं की मला हवं होतं तेच त्यांनी सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

माझं काम मी केलं. त्याबद्दल माफी मागणार नाही. मागितली तरी ती खोटी ठरेल, कारण उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करेन.

राहिला तुमचा अण्णांच्या मंगल कार्यालयाचा प्रश्न. वस्तीच्या ठरावात ते घातलं असतं तर सगळा ठरावच पडला असता, म्हणून आधी घातलं नाही. परवा त्याचा वेगळा ठराव मांडला. सूचक म्हणून माझीच सही आहे. काल रात्री अण्णांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. चहा दिला आणि म्हणाले, 'वैजयंती, वस्ती पाडलीस, मी गिळलं. आता मलाच पाडतेस होय? पक्ष चालवायला माणसं लागतात, आणि ती माणसं माझ्या मांडवात जेवतात.' मी ठराव मागे घेतलेला नाही.

वैजयंती

*

हद्दवाढ भाग, सोलापूर
३० जून

वैजयंती,

तुला पक्षातनं काढल्याचं आन् सभापतिपद गेल्याचं कळलं तवा आमच्या इमारतीखाली फटाके लावले. फटाके मी आणले हुते. पयली माळ मीच पेटवली, बऱ्या हातानं. तुला दुसऱ्याकडनं कळायच्या आधी मीच सांगतोय. तूबी गाडीचं तसंच सांगितलंस म्हणून.

कार्यालयाच्या ठरावाचं नवीन सभापतीनं काय केलं तेबी वाचलं. 'सखोल अभ्यासासाठी स्थगित.' आमचा अभ्यास लवकर झाला हुता.

हितं आमाला तिसरा मजला मिळालाय. भिंती पक्क्या हायत, नळ हाय, दार लावलं की आवाज न्हाय. तोच तरास हाय. वस्तीत कुणी शिंकलं तरी कळायचं. यार्डात भल्या पहाटे लिलावाला पोचायचं तर पयली बस उशिरा येती. खांद्यामुळं वजनकाट्यावर कांद्याचा कट्टा चढवता येत न्हाय, तर हिशेब लिवायला बसवलंय, पोराठोरांचं काम. म्हाळसाबाई पुलापलीकडं चार घरची धुणीभांडी करायची. दोन बस बदलून जायाला लागतं म्हणून दोन घरांनी तिला काढलं. नईमची रिक्षा रातीला खाली लावतो, तर काच फोडली कुणीतरी.

सारजा तुझ्यावर काय बोलत न्हाय. फटाके लावले त्या दिवशी ती माझ्यासंगं जेवली न्हाय. मी इचारलं, 'का गं?' तर म्हणली, 'भूक न्हाय.' दुसऱ्या दिवशीबी न्हवती.

तू दोन्हीकडनं गेलीस. मला बरं वाटलं. खरं लिवायचं ठरलंय तर खरं लिवतो.

हिंदुराव

*

शुक्रवार पेठ
२२ ऑगस्ट

मामा,

फटाक्यांचं कळवलंत, बरं केलंत. स्नेहदीप नगरातून तेवढंसुद्धा कुणी कळवलं नाही. मला काढलं त्या दिवशी तिथला एकही माणूस दारात आला नाही. मी अजून नगरसेविका आहे, म्हणून परवा मात्र शिष्टमंडळ आलं. तुमच्या घरांच्या मोकळ्या जागेवर त्यांना भिंत घालून गाड्या लावायच्या आहेत. 'पाऊस तर पडतच नाही, जागा वाया कशाला घालवायची?' असं त्यांच्यातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले. ती नाल्याची जागा आहे, असं मी सांगितलं. जाताना ते म्हणाले, 'तुम्हाला लोकांशी जुळवून घेता येत नाही, हेच पक्षाचंही म्हणणं होतं.'

पावसाचं तुम्ही पाहताच आहात. जूनमध्ये शिंतोडे, जुलै कोरडा, ऑगस्टही तसाच. नाल्यात पोरं क्रिकेट खेळतात. जो तो मला थांबवून विचारतो, 'ताई, कुठाय तुमचा पूर?' मीही रोज उठून आभाळाकडे बघते आणि काय मागावं ते मला समजत नाही. पूर यावा असं म्हणू?

आज लिहायचं कारण वेगळं आहे. पोटनिवडणूक जाहीर झाली. गुरुअण्णा मोकळ्या जागेवर सभा घेणार आहेत आणि वस्तीला 'होतं तिथंच घर' असं आश्वासन देणार आहेत. तुम्हाला व्यासपीठावर बसवणार आहेत. जाऊ नका. माझ्यावरचा राग माझ्यावर काढा, पण त्यासाठी त्या माणसांना नाल्यात परत नेऊ नका. हे आश्वासन अण्णांना पाळायचं नाही आणि पाळताही येणार नाही. निकाल लागला की तेच पुन्हा नोटीस काढतील. काढावीच लागेल.

वैजयंती

*

हद्दवाढ भाग
७ सप्टेंबर

वैजयंती,

जाऊ नका म्हणलीस, म्हणून गेलोच.

मांडव आपल्याच घराच्या जागेवर हुता. माझं न्हाणीघर जितं हुतं तितं अण्णाची खुर्ची. अण्णा उभे ऱ्हाईले आन् म्हणाले, 'चूक पक्षाची नव्हती. एका बाईनं परस्पर केलं. तिला आम्ही घरी बसवलं. आता तुमची घरं होती तिथंच उभी राहतील.' टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या. मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला, म्हणाले, 'हिंदुराव, तुमच्या माणसांशी तुम्ही बोला.'

खरं सांगतो, काय बोलायचं हे ठरवलं न्हवतं. पुढं माणसं बसल्याली. म्हाळसाबाई पुढच्याच रांगेत, पदर तोंडाला लावून. शाइस्ता. दोन बस बदलून, कामाचा दिवस मोडून आल्याली माणसं. समदी माझ्या तोंडाकडं बघत हुती. त्यांना एकच शब्द ऐकायचा हुता. समोर तसं बघणारं माणूस असलं की 'न्हाय' तोंडातनं निघतच न्हाय. मी म्हणालो, 'यायचं. समद्यांनी यायचं. मी तुमच्यासंगं हाय.' लई टाळ्या पडल्या. दुखऱ्या खांद्यावर हार पडला तरी दुखलं न्हाय.

उंबऱ्यावर तुझं काय झालं असंल ते तवा कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला असं समजू नको. तू शिकल्याली हाईस, तुला कळायला पायजे हुतं.

हिंदुराव

*

शुक्रवार पेठ
२५ सप्टेंबर

मामा,

अण्णांचा माणूस निवडून आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मांडवाचे खांबसुद्धा उपसून नेले.

आज पुलावरून जाताना थांबले. म्हाळसाबाईंनी चार बांबू रोवून पत्रे टाकलेत, ऐन नाल्याच्या तोंडाशी. शेजारी नईमभाईंचे. आणखी काही जण जागा आखून गेलेत. मी खाली उतरून विचारलं, 'कुणी सांगितलं?' म्हाळसाबाई म्हणाल्या, 'हिंदुरावनं.' अण्णांचं नाव कुणी घेतलं नाही. अण्णांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. होता तो तुमच्यावर.

नव्या सभापतींकडे गेले. 'कायदा आपलं काम करेल,' म्हणाले. म्हणजे यंत्र पुन्हा येणार. मीही आयुक्तांना तसंच लिहिलं आहे, कारण दुसरं काही लिहिता येत नाही. परतीचा पाऊस अजून जायचाय. तो येईल की नाही हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

दुसऱ्याच्या घराचा शब्द देणं किती सोपं आहे, ते तुम्ही पाहिलंत. आता पुढचं तुम्ही बघा. मला तुमच्याशी आणखी काही बोलायचं नाही.

वैजयंती

*

हद्दवाढ भाग
१० ऑक्टोबर

वैजयंती,

तुझं पत्र आलं तवा मी यार्डात हुतो. सारजानं ते नईमच्या पोरीकडनं वाचून घेतलं. घरी आलो तर जेवणाचं ताट न्हवतं, ती दारातच बसल्याली.

म्हणली, 'म्हाळसा परत गेली. तुमी सांगितलं?'

म्हटलं, 'व्हय.'

'पाणी आलं त्या दुपारी तुमी कुटं हुता?'

म्हटलं, 'यार्डात. तुला ठावं हाय की.'

'मग तुमाला काय ठावं हाय?' म्हणली. 'म्हाळसाला मी हाताला धरून पत्र्यावर ओढली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा केस धरून ओढली. तिचे केस माझ्या मुठीत आले, ते मी संध्याकाळपत्तूर टाकले न्हाईत. तुमी आलात तवा पाणी उतरलं हुतं. तुमी पयलं इचारलं, टीव्ही भिजला का.' मग म्हणली, 'घर पाडलं त्याचं तुमाला दुःख हाय. मला न्हाय. मी सांगितलं न्हाय, कारण तुमी खुर्ची टाकून बसला हुता आन् समदी वस्ती तुमच्याकडं बघत हुती. तुमी परत जात असला तर जावा. मी हितनं हलणार न्हाय.'

एवढ्या वर्सांत ती माझ्यासंगं एका दमात एवढं कधी बोलली न्हाय. मी खाली जाऊन बसलो. यार्डात दोन दिवस गेलो न्हाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी पक्कड, हातोडा घेऊन पुलाखाली गेलो. म्हाळसाबाई चूल पेटवत हुती. तिला म्हटलं, 'म्हाळसा, हे काढायचं.' ती हसली. तिला वाटलं, आनखी चांगलं बांधायला आलो. परत सांगितलं. तर उभी ऱ्हाईली. म्हणली, 'तू बोललास म्हणून मी आले.'

'व्हय. मी बोललो. खोटं बोललो.'

'कुणी पैसे दिले तुला? भाचीनं?'

'न्हाय. कुणी न्हाय. पाणी आलं तर तू मरशील. तुला पवता येत न्हाय.'

तिनं माझ्या शर्टाला धरलं आन् दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. आईवरनं शिव्या दिल्या, तुझ्या आईवरनंबी दिल्या, म्हणजे माझ्या बहिणीवरनं. मग तोंडावर थुंकली. माणसं गोळा झाली. ज्यांनी हार घातला तीच माणसं. कुणी म्हणालं, विकला गेला. कुणी म्हणालं, घर मिळालं आता ह्याला काय. मी तोंड पुसलं न्हाय. वर चढलो आन् पत्र्याचे नट काढाय लागलो. एका हातानं लवकर निघंनात. कुणी मदतीला आलं न्हाय. नईम लांबनं बघत हुता. शेवटाला आला आन् म्हणाला, 'चाचा, मेरा भी तुम्हीच उतारो. मैं हाथ नहीं लगाता.' त्याचंबी उतरवलं. तो माझ्यासंगं बोलत न्हाय, पण दुपारी रिक्षात म्हाळसाबाईचं सामान घातलं आन् इमारतीवर आणून सोडलं. तिच्या खोलीचं कुलूप सारजानं काढलं. बाकीच्यांनी आपापलं काढून नेलं. दोघं-तिघं ऱ्हाईलेत, ते तुमच्या यंत्राची वाट बघत्यात.

पाऊस आजवर आल्याला न्हाय. आता येईल असंबी दिसत न्हाय. समदं गाव म्हणतंय, हिंदुराव उगाच घाबरला. म्हणू दे.

पण एक ध्यानात ठेव. मी ज्यांना शब्द दिला त्यांच्यापुढं उभा ऱ्हाऊन तो मोडला. तू काचेआडनं मोडलास. तू बरोबर हुतीस आन् मी चुकलो हुतो, तरी हे तसंच ऱ्हातं. ह्याबद्दल मी तुला माफ करणार न्हाय आन् तूबी माफी मागणार न्हाईस, हे लिवलंस, ते बरं हाय.

म्हाळसाबाईला हिकडंच जवळ काम मिळावं म्हणून हितल्या नगरसेवकाकडं गेल्तो. 'बघू' म्हणाला. मतदारयादीत नाव हिकडं आणायचा अर्जबी दिलाय, माझा आन् सारजाचा. पुढच्या वेळी तुला मत द्यायचं का न्हाय, ह्यावर घरात भांडण नको.

सारजा म्हणती, दिवाळीच्या पाडव्याला वैजूला जेवायला बोलवा. तिनं बोलावलंय, म्हणून कळवतो. मी त्या दिवशी यार्डात असणार. पाडव्याला यार्ड बंद असतं हे तुला ठावं हाय. तरी मी तितंच असणार.

हिंदुराव